मदत हवी आहे : खेळण्यांत सफाई कामगाराची गाडी कशी आणावी?

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात मी अंगणवाडी सेविका आहे. देणगीत मिळालेल्या खेळण्यांतील पेट्रोलपंप, बर्गरचे दुकान आणि सामान पोचवणारी गाडी या साऱ्यांवर कंपन्यांची बोधचिन्हे ठसठशीत छापलेली आहेत. मात्र नाली उपसणारा, खांबावर चढणारा लाईनमन किंवा आशाताई त्यांत कुठेच नाही. ग्रामपंचायतीच्या सफाई कामगाराच्या मुलीने "माझ्या बाबांची गाडी कोणती?" असे विचारले, तेव्हा मला उत्तर सुचले नाही. (हाती खराटा घेऊन गावे झाडणारे गाडगेबाबा आमच्याच शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले!) लेगो या खेळण्यांच्या कंपनीने शेल या तेल कंपनीशी असलेला करार पुढे न वाढवण्याचे २०१४ मध्ये जाहीर केले, तेही ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेने मोहीम चालवल्यावर; माझ्या हाती मात्र ही चिन्हे घासायला केवळ पॉलिश पेपर आहे.

तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी घडवणाऱ्या सुताराकडून घंटागाडी, फावडे आणि शिडी करून घेण्याचा विचार आहे. लहान मुले वस्तू तोंडात घालतात, म्हणून शिसे नसलेला कोणता रंग वापरावा, आणि देणगीदाराचे मन न दुखावता जुन्या खेळण्यांवरील चिन्हे कशी झाकावीत, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.