अनुभव धागा : वस्तीतील सर्वधर्मीय मदतगट

१९९२-९३च्या दंगलींनंतर निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मुंबईत मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. अफवा थोपवणे आणि शांतता राखणे हे त्यांचे मूळ काम होते. पुढे निदान आमच्या भागातील बैठकांत शाळेची फी, पाणी आणि एकट्या म्हाताऱ्यांचे प्रश्नही येऊ लागले. निरनिराळ्या धर्मांची माणसे निराधार कुटुंबांसाठी, मुलांसाठी किंवा वृद्धांसाठी एकत्र काम करतात अशा गटाशी आपला संबंध आला असेल, तर प्रत्यक्ष काय झाले आणि कुठे अडले ते लिहावे. ऐक्यावरची भाषणे आपण पुष्कळ ऐकली आहेत.

निवृत्त शिक्षिका, नागपाडा

आमच्याकडे ही परंपरा त्याहून जुनी आहे. अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२०च्या दशकात नागपाडा नेबरहुड हाउस हे वस्तीसेवेचे केंद्र सुरू केले आणि आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची सुरुवात १९३६मध्ये तिथेच झाली. नव्या गटांनी हा इतिहास एकदा तरी वाचावा.

गणेश मंडळाचा कार्यकर्ता, धारावी

आमच्या गटात मशिदीचे दोघे, चर्चच्या तीन बायका आणि मंडळाचे आम्ही चौघे आहोत. पहिली दोन वर्षे आम्ही धान्यच वाटले. मग एका आजींनी सरळ विचारले, "तांदूळ देता ते ठीक, पण माझं पेन्शन का येत नाही?" वयाची ६५ वर्षे उलटलेली असल्याने त्या श्रावणबाळ योजनेत बसत होत्या, म्हणजे दरमहा १,५०० रुपये. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो; मुंबईत हा आकडा वाचून हसू येते, पण दाखला तेवढ्याचाच लागतो. आजींनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते, रेशनकार्डावर वय पाच वर्षांनी कमी लागले होते आणि चाळीस वर्षे लोकांची भांडी घासल्याने बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नव्हते. चर्चच्या एका बाईंनी सरकारी रुग्णालयातून वयाचा दाखला काढून आणला, मशिदीतील तरुणाने आधार केंद्रावर डोळ्यांच्या नोंदीचा आग्रह धरला आणि खिडकीवरच्या रांगा माझ्या वाट्याला आल्या. मध्येच फाइल हरवली, ती पुन्हा करावी लागली. आठ महिन्यांनी पहिली रक्कम आली. आजी कोणत्या धर्माच्या, हे मुद्दाम लिहीत नाही. एवढेच सांगतो, की त्यांच्या चाळीत ज्याला दार उघडले जाते असा एक माणूस आमच्यात होता, आणि तो नसता तर आम्ही तांदूळच वाटत राहिलो असतो.

गृहिणी, कुर्ला

२०२०च्या टाळेबंदीत आम्ही एकत्र स्वयंपाक केला. कांदा-लसूण चालते की नाही यावरून पहिल्याच दिवशी वाद झाला, म्हणून दोन पातेली वेगळी ठेवली आणि तो विषय मिटला. एप्रिलच्या अखेरीस रमजान सुरू झाल्यावर रोजा धरलेली मुले दुपारी खिचडी वाढत होती.

माजी स्वयंसेवक, मालाड

माझा अनुभव चांगला नाही. आमच्या अभ्यासवर्गातील मुलांची छायाचित्रे, खाली 'निराधार बालके' असे लिहून, देणगीदारांच्या फलकावर लावण्यात आली. एका आईने त्याच आठवड्यात मुलीला पाठवणे बंद केले. मी आक्षेप घेतला, तेव्हा व्यासपीठावर तीनही धर्मगुरू असल्याचे उत्तर मला मिळाले, जणू त्यामुळे संमती विचारण्याची गरज उरत नव्हती. मी बाहेर पडलो.

वय ७४, वांद्रे

मी मदत घेणाऱ्यांपैकी आहे. पूर्वी दिवाळी, ईद आणि नाताळ या तीनही सणांना गटाचे लोक मिठाई घेऊन येत. मला मधुमेह आहे. एरवी कोणी फिरकत नसे. एकदा संध्याकाळी घाबरून मी ज्येष्ठ नागरिकांच्या १४५६७ या हेल्पलाइनवर फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी ते गटाला सांगितले. तेव्हापासून सणाची भेट बंद झाली आणि दर गुरुवारी एकाने तासभर यायचे ठरले. काल आलेल्या मुलीकडून मी आठवड्याच्या गोळ्या डबीत लावून घेतल्या.