के. के. शैलजा: शाळेतल्या बाई ते आरोग्यमंत्री, नेमकं काय काम केलं?

सई_भांडुप
आई म्युनिसिपल शाळेतून रिटायर झाली. चाळीतले लोक मागे लागलेत, बाई तुम्ही नगरसेवकपदाला उभ्या राहा. ती म्हणते मला पाढे शिकवता येतात, दवाखान्यातलं काय कळतं. मी केरळच्या शैलजांचं नाव घेतलं पण पुढे सांगता येईना. कोणाला नीट माहितीय का?

परळचा_नित्या
कन्नूरकडच्या हायस्कूलमध्ये सायन्स शिकवायच्या, अजूनही तिकडे सगळे शैलजा टीचरच म्हणतात. 1996 ला माकपकडून पहिल्यांदा आमदार, 2004 ला नोकरी सोडून पूर्णवेळ पक्षाचं काम, 2016 ते 2021 आरोग्यमंत्री. लोकांना कोविडच आठवतो पण मला विचारशील तर 2017 चं आर्द्रम मिशन मोठं, त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांची कुटुंब आरोग्य केंद्रं केली, डॉक्टर-नर्स वाढवल्या आणि ओपीडी संध्याकाळी 6 पर्यंत. आमच्या इथल्या एका दवाखान्यात 11 नंतर केसपेपर मिळत नाही, धुणीभांडी करणाऱ्या बाईने खाडा करून यायचं का मग?

मेधा_के
निपाह विषाणूची साथ विसरलात! मे 2018, कोझिकोड. पुण्याच्या एनआयव्ही या विषाणू संस्थेने खात्री केली आणि लगेच पेशंटच्या संपर्कात आलेल्या एकेका माणसाची यादी, रोज चौकशी. हजेरीपटच की हा, तुझ्या आईने आयुष्यभर तेच केलंय. 17 जण गेले तरी त्यात, लिनी नावाची नर्स पण.

दादर_वेस्ट
मे 2020 मध्ये आपल्या सरकारने त्यांच्याकडेच 50 डॉक्टर आणि 100 नर्स मागितल्या होत्या, टीम आली अंधेरीला. माझे बाबा दुसरीकडे ॲडमिट होते, तिथेही सिस्टर मल्याळीच, पीपीईवर पेनने नाव लिहिलेलं, बाबांना बोलता यायचं नाही म्हणून स्वतः फोन धरून आईला सांगायची, "आई, बाबा जेवला, दोन इडली." ते वाक्य आमच्या घरात अजून निघतं.

नित्या परत
दुसरी बाजू पण सांग आईला. पीपीई किट चढ्या भावाने घेतले म्हणून सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगने ठपका ठेवलाय. आणि 2021 ला 60 हजारांवर मतांनी निवडून आल्या तरी पक्षाने नवे चेहरे म्हणत मंत्रीपद दिलं नाही, 2024 ला लोकसभेला वडकरात हरल्या.

सई_भांडुप
सगळं वाचून दाखवलं. हरल्याचं तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, 6 पर्यंत ओपीडी म्हणजे जादा डॉक्टरांचा पगार कुठून काढला? कोणाला माहीत असेल तर लिहा प्लीज, ती वही घेऊन बसलीय.