शब्दचर्चा: सबटायटलं ‘राहिली’ म्हणजे नक्की काय झालं?

घरात मराठी सिनेमांच्या १४ डीव्हीडी आहेत. भाची म्युनिकला असते, तिचा नवरा जर्मन. त्याला आपले सिनेमे मनापासून आवडतात, पण खाली इंग्रजी सबटायटलं असली तरच. त्यांच्या लॅपटॉपला डिस्क घालायची सोयच नाही, म्हणून सगळ्यांच्या व्हिडिओ फायली करून पेनड्राइव्ह पाठवायचं ठरलं. असं काम करून देणाऱ्या एका दुकानात डिस्क नेऊन दिल्या आणि निघताना म्हटलं, “सबटायटलं राहू द्या हं.” तिथला मुलगा म्हणाला, “बरं.”

चार दिवसांनी पेनड्राइव्ह मिळाला. चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत, आणि सबटायटलं एकाही फायलीत नाहीत. विचारायला गेले तर तो म्हणाला, “मॅडम, तुम्हीच म्हणालात ना, राहू द्या म्हणून?”

त्याला बोल कसा लावू? चहा विचारल्यावर आपण ‘राहू द्या’ म्हणतो तेव्हा चहा नको असतो. मी म्हटलं ‘आहेत तशी असू द्या’ या अर्थाने, त्याने ऐकलं ‘त्यात पडू नका’. दोन्ही अर्थ मराठीच, दोन्ही रोजचे.

तेव्हापासून ‘राहणे’ डोक्यातून जात नाही. ‘डबा घरीच राहिला’ म्हणजे विसरला. ‘चव तोंडात राहिली’ म्हणजे टिकली. आमच्या आजोळी ‘पाऊस राहिला की निघू’ म्हणायचे, म्हणजे थांबला की. ‘तिला दिवस राहिले’ हा तर आणखी वेगळाच. आणि ‘यादीत नाव राहिलं’? ते गाळलं गेलं की कायम झालं, हे बोलणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहूनच कळतं. एकच क्रियापद टिकणं आणि निसटणं दोन्ही कसं सांगतं? आणि अशा कामाच्या वेळी तुम्ही कोणता शब्द वापरता?

प्रतिसाद

माझ्या मते दोन्ही अर्थांच्या मुळाशी ‘आहे त्या जागीच असणं’ आहे. डबा घरी राहिला, म्हणजे तो होता तिथेच आहे, आपण पुढे आलो. तुमची सबटायटलंही डिस्कवर राहिलीच, फायलीत आली नाहीत. म्हणजे फरक क्रियापदात नाही, आपण कुठे उभं राहून बघतो त्यात आहे. मूळ वस्तूकडून पाहिलं तर टिकली, नव्या वस्तूकडून पाहिलं तर सुटली.

वाक्यरचना मात्र बरीच मदत करते. ‘घालायची राहिली’, ‘द्यायची राहिली’ असं ‘-आयचं’ रूप आलं की ती सुटलीच. ‘राहून गेली’ म्हटलं तरी सुटली, तिथे शंकेला जागा नाही. ‘तशीच राहिली’, ‘शाबूत राहिली’ म्हणजे टिकली. घोटाळा होतो तो नुसत्या ‘राहिली’ आणि ‘राहू द्या’ला. तिथे ‘ठेवा’ म्हणावं. ‘राखा’ही चाललं असतं, पण ते आता गुरं, राखण आणि राखीव जागांपुरतं उरलंय. दुकानात कोणी ‘सबटायटलं राखा’ म्हणणार नाही.

प्रतिसाद

हे काम मी घरी बरंच केलंय, म्हणून थोडं यंत्राच्या बाजूने. तुमच्या सबटायटलांचं निसटणं नुसतं शब्दामुळे झालं असेल असं नाही. डीव्हीडीवरची सबटायटलं म्हणजे मजकूर नसतो, चित्रं असतात. पारदर्शक पट्टीवर अक्षरं काढावीत तशी, एका पट्टीत जास्तीत जास्त चार रंग. प्लेअर आयत्या वेळी ती सिनेमावर ठेवतो. एका डिस्कवर आवाजाचे ८ आणि सबटायटलांचे ३२ ट्रॅक मावतात. एमपी४ आणि एमकेव्ही हे व्हिडिओ फायलींचे दोन प्रकार. एमपी४ फायलीत या चित्रांना धड जागा नसते, एमकेव्हीत असते. दुकानदार सरसकट एमपी४ करून देतात, आणि सबटायटलांचा ट्रॅक आठवणीने निवडला नाही तर तो येतच नाही. डिस्कची फाइल करणारे हँडब्रेक आणि मेकएमकेव्ही हे प्रोग्रॅम आहेत, त्यांतल्या हँडब्रेकमध्ये त्याचा कप्पा वेगळा उघडावा लागतो, मेकएमकेव्हीत ट्रॅकच्या नावापुढे खूण करावी लागते.

आता खरा सांभाळायचा शब्द सांगतो: ‘बर्न’. डिस्क बर्न करणे म्हणजे कोऱ्या डिस्कवर लिहिणे. सबटायटलं बर्न करणे म्हणजे ती चित्रातच कायमची उतरवणे. पुढच्या वेळी तुम्ही ‘सबटायटलं बर्न करा’ म्हणालात आणि त्याने हिंदीचा ट्रॅक उतरवला, तर ती अक्षरं कुठल्याही बटणाने जाणार नाहीत, आणि इंग्रजीही येणार नाहीत. आमच्याकडे आम्ही याला ‘गोंदणं’ म्हणतो. गोंदवलेलं निघत नाही, हे कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. बंद-चालू करता येतात ती ‘सुटी’ सबटायटलं.

प्रतिसाद

‘गोंदणं’ फार आवडलं. पण मुळात ‘सबटायटल’लाच मराठी शब्द का नको? उपशीर्षक आहे की.

प्रतिसाद

उपशीर्षकाला माझा विरोध आहे. लेखात मुख्य मथळ्याखाली किंवा परिच्छेदांच्या मध्ये येतं ते उपशीर्षक, हा त्याचा मराठीतला अर्थ पक्का आहे. शिवाय हे शब्दशः भाषांतर आहे आणि मूळ इंग्रजी शब्दाचा इतिहासच वेगळा आहे. मूकपटात दोन दृश्यांच्या मध्ये मजकुराची पाटी दाखवत. फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्येही अशा पाट्या होत्या. इंग्रजीत सिनेमाच्या नावाची पाटी ती टायटल आणि या मधल्या पाट्या सबटायटल. तिथला ‘सब’ म्हणजे ‘दुय्यम’, पडद्याच्या तळाशी या अर्थाचा नव्हे. पुढे सिनेमा बोलू लागला, पाट्या गेल्या, शब्द तेवढा तळाच्या ओळींना चिकटला.

माझ्या आईला ऐकू कमी येतं. ती म्हणते, “ती खालची अक्षरं लाव.” इतकं नेमकं मला दुसरीकडे सापडलेलं नाही. बाकी सबटायटल आता मराठीच समजावं. टायटल नपुंसकलिंगी, म्हणून ते सबटायटल, ती सबटायटलं, सबटायटलांचा ट्रॅक. जो शब्द आपल्या विभक्ती घेतो तो घरचा झाला.

प्रतिसाद (यंत्रवाला)

एक राहिलंच सांगायचं. चित्रांवरून मजकूर काढायचा असेल तर सबटायटल एडिटसारखा प्रोग्रॅम अक्षरं ओळखून एसआरटी फाइल करून देतो. ती साधी मजकुराची फाइल असते: क्रमांक, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, खाली वाक्य. फाइल काही केबींची, पण तपासायला संध्याकाळ जाते. इंग्रजीत मोठा आय आणि छोटा एल सारखेच दिसतात, म्हणून ‘मी’ अशा अर्थाच्या ‘आय’च्या जागी भलतंच येतं. देवनागरी असेल तर आधी अनुस्वार बघा. पडद्यावरचा तो ठिपका इतका लहान असतो की ‘नाही’ आणि ‘नाहीं’, ‘घरात’ आणि ‘घरांत’ यांत प्रोग्रॅम हमखास चुकतो. नावं, गावं, शिव्या तर हातानेच दुरुस्त कराव्या लागतात.

धागा काढणारी

सगळ्यांचे आभार. काल पुन्हा त्याच दुकानात गेले. या वेळी तोंडी काही सांगितलं नाही, प्रत्येक डिस्कच्या खोक्यात चिठ्ठी घातली: ‘इंग्रजी सबटायटलांसकट एमकेव्ही. सबटायटलं सुटी हवीत, चित्रात गोंदू नयेत.’ ‘सकट’ सुचला तो इथलं वाचूनच. आंबे देठासकट, पाल्यासकट गाजर, तसं. त्यात काही सुटत नाही आणि दुसरा अर्थही निघत नाही.

त्या मुलाने चिठ्ठी वाचली, ‘गोंदू’वर बोट ठेवून म्हणाला, “म्हणजे हार्डसब नको, बरोबर?” बरोबर. माझ्यासमोरच एक डिस्क करून त्याने फाइल लावून दाखवली. बटण दाबलं की ओळ यायची, पुन्हा दाबलं की जायची. भाचीला तेवढी एक फाइल रात्री पाठवली. उरलेल्या १३ शनिवारी मिळतील.