यशवंतराव १९६६ ला पंतप्रधान झाले असते? मला नाही पटत

कोयनाकाठ:
काल इथे एकाने यशवंतराव चव्हाणांची पर्यायी कारकीर्द रंगवली. जानेवारी १९६६, शास्त्रीजी ताश्कंदला वारले, आणि यशवंतराव इंदिराबाईंना पाठिंबा न देता स्वतः उभे राहून पंतप्रधान झाले. मग काँग्रेस फुटली नाही, आणीबाणी नाही, १९७७ पर्यंत सुखाचं राज्य. वाचून राहवेना, म्हणून सविस्तर लिहितो.

मी कराडचा. आमच्याकडे देवघराशेजारच्या भिंतीवर साहेबांचा फोटो आहे, आजोबांनी लावलेला. तरी सांगतो, बेरीज जुळल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही हा त्यांचा पिंड. १९६९ ला बंगलोरात राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीसाठी बाईंच्या मर्जीविरुद्ध संजीव रेड्डींच्या बाजूने मत दिलं आणि फूट पडल्यावर राहिले बाईंबरोबर. आणीबाणीत परराष्ट्रमंत्री होते, राजीनामा दिला नाही. जुलै १९७९ मध्ये तर राष्ट्रपतींनीच बोलावून सरकार बनवा म्हटलं. जमत नाही म्हणून कळवलं आणि चरणसिंगांच्या हाताखाली उपपंतप्रधान झाले. तुमच्या जगात तारीख बदलेल हो, पिंड कसा बदलणार?

दादरकर:
पिंड कसला, आकडे बघा. १९६६ ला काँग्रेस संसदीय पक्षाच्या नेतेपदासाठी इंदिराबाईंना ३५५ मतं, मोरारजींना १६९. कामराज आणि बहुतेक मुख्यमंत्री बाईंच्या मागे. यशवंतरावांनी एकट्या महाराष्ट्राच्या खासदारांवर काय करायचं होतं? आणि १९७९ चं म्हणाल, तर चरणसिंग लोकसभेला तोंड न देताच पडले. त्यापेक्षा जमत नाही म्हणणारा शहाणा.

सीमाभागातला:
पर्यायी जगात मराठी माणूस पंतप्रधान, आणि अख्ख्या लेखात बेळगावचं नाव नाही! महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ ला आला तेव्हा देशाचे गृहमंत्री कोण होते? बेळगाव गेलं, आणि जी २६४ गावं आयोगाने महाराष्ट्राला देऊ केली तीही आली नाहीत. आमच्या घरपट्टीची पावती कन्नडमध्ये. आजी ती पदराला गाठ मारून शेजारच्या शाळकरी पोराकडे न्यायची, "बघ रे, किती भरायचे?" म्हणून. सत्तरीची बाई, स्वतःच्या घराची पावती वाचता येत नाही.

दादरकर:
अहो, तो अहवाल महाराष्ट्रानेच फेटाळला ना? मग २६४ गावं कुठून येणार?

सीमाभागातला:
फेटाळला, कारण बेळगाव सोडणं मान्य नव्हतं. सेनापती बापट उपोषणाला बसले तेव्हा कुठे तो आयोग नेमला गेला. दादरला बसून आम्हाला आयोग शिकवू नका.

दादरकर:
दादरला बसून? संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात फ्लोरा फाउंटनला गोळ्या कोणावर झाडल्या होत्या? माझे काका त्या गर्दीत होते, पायात गोळी घेऊन घरी आले. त्यांच्यासमोर मी साहेबांची बाजू घेऊ शकलो नाही कधी. नेहरू संयुक्त महाराष्ट्रापेक्षा मोठे म्हणणारा माणूस, हे काका मरेपर्यंत विसरले नाहीत. तेव्हा मला शिकवू नका.

नागपूरची:
बेळगावात सगळा धागा गेला. माझं ऐका. १९५६ ला दीक्षाभूमीवर माझ्या आजोबांनी धम्म स्वीकारला आणि अनुसूचित जातीच्या सवलती गेल्या. महाराष्ट्रात नवबौद्धांना त्या १९६० ला परत मिळाल्या, यशवंतराव मुख्यमंत्री असताना. वडील सांगायचे, फॉर्मवर बौद्ध लिहून फी माफ झाली तेव्हा तो कागद घडी घालून ट्रंकेत ठेवला होता. केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातीत घ्यायला १९९० उजाडलं. ते १९६६ ला पंतप्रधान झाले असते तर हेच देशभर तेव्हाच झालं असतं, असं मला मनापासून वाटतं. आणि कोयनाकाठ, यात कुठली बेरीज होती सांगा. सवर्ण मतं जाण्याचीच भीती होती.

कोयनाकाठ:
मतं रिपब्लिकन पक्षाचीही होती, ती बेरीज नाही का? आणि पुढे जवळपास चार वर्षं गृहमंत्री होते, तेव्हा केंद्रात का नाही झालं?

नागपूरची:
गृहमंत्र्याच्या वर पंतप्रधान असतो. मूळ प्रश्न तोच तर आहे!

कोयनाकाठ:
बरं. फीचं मान्य. तिथे ते थांबले नाहीत, हे मला लिहायला हवं होतं. पण ते १९७७ पर्यंतचं सुखाचं राज्य खोडा, ते मी मानणार नाही.

सीमाभागातला:
आणि त्यात बेळगाव लिहा.