प्रतिसाद: निपाणी ते कागल, मुंबईमार्गे का?

वर एका दादांनी विचारलंय की कागल एमआयडीसीतल्या सर्व्हरवरची फाइल निपाणीत घरी उघडताना ट्रेसरूटमध्ये (डेटा कुठून कुठून गेला ते दाखवणाऱ्या आज्ञेत) मुंबई का दिसते. अंतर जेमतेम वीसेक किलोमीटर, मग केबल तुटली असेल का?

नाही, केबल शाबूत आहे. घरचं कनेक्शन एका कंपनीचं आणि कारखान्याचं दुसरीचं असेल, तर डेटा एका जाळ्यातून दुसऱ्यात जिथे त्या दोघी एकमेकींशी जोडल्या आहेत तिथेच जाऊ शकतो. अशा जोडण्या बहुतेक मुंबई, चेन्नई, बेंगळुरूसारख्या शहरांत आहेत. हायवेलगत दोघींच्या फायबर शेजारीशेजारी गाडलेल्या असल्या तरी मध्ये राउटर नसेल तर उपयोग शून्य. कुठल्या वाटेने जायचं हे बीजीपी, म्हणजे जाळ्याजाळ्यांमधल्या वाटा ठरवणारं तंत्र, ठरवतं, आणि ते किलोमीटर मोजत नाही. कंपन्यांचे आपसातले करार आणि वाटेत किती जाळी लागतात, हे ते बघतं. निपाणी कर्नाटकात आणि कागल महाराष्ट्रात, पण राज्याची हद्द त्याला दिसतच नाही.

वेळेची काळजी मात्र करू नका. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. मुंबईपर्यंत ५०० किलोमीटर फायबर धरली तरी एका बाजूला अडीच मिलिसेकंद. फाइल रेंगाळत असेल तर आधी घरचं वायफाय तपासा.

देशातला डेटा परदेशी फिरून येऊ नये म्हणून २००३ साली निक्सी, म्हणजे इंटरनेट कंपन्यांची जाळी देशातच एकमेकांना जोडणारं केंद्र, सुरू झालं. तशी जोडणी बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यातही व्हावी, असं मला मनापासून वाटतं. मुंबईकडची फायबर तुटली तरी इथलं इथे चालू राहील.