लीज फेरीला अजून त्या लीचंच नाव का?

पाणवठा:
गेल्या महिन्यात ॲरिझोनात लीज फेरीला जाऊन आले, तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. कोलोरॅडो नदीवर ग्लेन कॅन्यन संपते आणि मार्बल कॅन्यन सुरू होते, तिथे दरीचे कडे जरा मागे सरकतात. शेकडो मैलांत दोन्ही काठांनी पाण्यापर्यंत सहज पोचता येईल अशी तेवढी एकच जागा. जॉन डी. ली याने 1873च्या जानेवारीत तिथे 'कोलोरॅडो' नावाची होडी पाण्यात सोडली आणि तर, म्हणजे नदीपार नेणारी होडीसेवा, सुरू केली.

पण हा ली कोण? 11 सप्टेंबर 1857ला दक्षिण युटातल्या माउंटन मेडोजमध्ये आर्कान्सॉहून कॅलिफोर्नियाला निघालेल्या तांड्याला मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या मिलिशियाने, म्हणजे नागरिकांच्या सशस्त्र दलाने, वेढलं होतं. त्यांच्यातलाच ली पांढरं निशाण घेऊन गेला. शस्त्रं खाली ठेवा, तुम्हाला सुखरूप नेतो, असा शब्द दिला. माणसं त्याच्या शब्दावर बाहेर आली आणि सुमारे 120 जणांना ठार मारलं गेलं. साक्ष देऊ शकणार नाहीत इतकी लहान होती म्हणून 17 मुलं वाचली. अशा माणसाचं नाव नकाशावर का ठेवायचं? माझ्या मते ते बदलायला हवं.

घाटमाथा:
पूर्ण असहमत. लीने केलं ते अक्षम्य आहे, त्यावर वाद नाहीच. पण शिक्षा कुणाला झाली ते बघा. वरून हुकूम देणारे होते, मिलिशियाचे अधिकारी होते, गोळ्या झाडणारे कितीतरी होते. दोषी ठरला एकटा ली. 1875च्या पहिल्या खटल्यात जूरीचं एकमत झालं नाही. दुसऱ्या वर्षी पूर्ण मॉर्मन जूरीने त्याला दोषी ठरवलं आणि 23 मार्च 1877ला त्याच माउंटन मेडोजवर नेऊन गोळ्या घातल्या. आपला बळी दिला गेला, असं तो मरताना म्हणाला. नाव पुसलं तर या सगळ्या लोकांचं फावेल.

पाणवठा:
बळी? हत्याकांडानंतर काही आठवड्यांतच हाच ली सॉल्ट लेक सिटीला जाऊन मॉर्मनांचा प्रमुख ब्रिगम यंग याला सांगून आला, की हे सगळं इंडियनांनी, म्हणजे तिथल्या मूलनिवासींनी केलं. त्यांच्यातल्या पायूट जमातीचे काही जण त्यात सामील होते हे खरं. पण पुढे कित्येक वर्षं सगळा दोष त्यांच्याच माथी मारला गेला. दुसऱ्यांचा बळी द्यायची सुरुवात यानेच केली होती.

घाटमाथा:
हे मान्य. म्हणूनच म्हणतो, नाव राहू दे. नाव दिसलं की माणूस विचारतो, ली कोण. तुम्हीही तिथे गेल्यावरच शोधलंत ना?

हिशेबनीस:
व्यवहाराचं बोलतो. 1922च्या कोलोरॅडो नदी करारात सात राज्यांचं पाणी वाटलं गेलं. त्यात वरचं खोरं आणि खालचं खोरं यांची हद्द लीज फेरीजवळच्याच ठिकाणावर धरली आहे. ग्रँड कॅन्यनमधून राफ्टने जाणारे मैलसुद्धा तिथूनच मोजतात, शून्यापासून. शंभर वर्षांच्या कागदांत आणि खटल्यांत बसलेलं नाव आहे ते. ते बदलायला कोण धजावेल?

नदीकाठची:
तुम्ही सगळे लीवरच भांडताय. तो तिथे राहिला किती? मॉर्मन चर्चने 1870मध्ये त्याला काढून टाकलं, 1871च्या डिसेंबरात तो पारिया नदीच्या मुखाशी, म्हणजे याच जागी, आला आणि नोव्हेंबर 1874मध्ये पकडला गेला. धड तीन वर्षं नाहीत, त्यातही अटकेच्या भीतीने लपत-छपत.

ती होडीसेवा चालवली त्याच्या बायकोने, एमाने. ही मूळची इंग्लंडची. 1856मध्ये सामानाची हातगाडी ओढत युटात आलेल्यांपैकी एक. त्या जागेला लोनली डेल, म्हणजे एकाकी खोरं, हे नाव तिनेच दिलं असं सांगतात. नवरा तुरुंगात, पदरात पोरं, दारात पुराची नदी. 1879मध्ये चर्चने गाई देऊन ती तर तिच्याकडून विकत घेतली, तोवर तिने ती सोडली नाही. नाव बदलायचंच असेल तर एमाचं द्या, किंवा तिने दिलेलं लोनली डेल ठेवा.

घाटमाथा:
एमाचं नाव जोडायला माझी मुळीच हरकत नाही. दोन्ही राहू देत.

नदीकाठची:
शेजारी ठेवलं की मोठं नाव लीचंच राहतं. आजवर तेच झालंय.

पाणवठा:
खरं सांगते, एमाचा विचार मी केलाच नव्हता. चीड लीची होती, म्हणून मीही त्याच्याबद्दलच लिहीत बसले. आता लोनली डेलच्या बाजूने आहे.

आणि वॉरन जॉन्सनला विसरू नका. एमानंतर बरीच वर्षं त्याचं कुटुंब ही तर चालवत होतं. युटातल्या सेंट जॉर्जच्या मॉर्मन मंदिरात लग्न लावायला निघालेली ॲरिझोनातली जोडपी याच नावेतून पलीकडे जायची. 1891मध्ये वाटेने आलेल्या एका कुटुंबाबरोबर घटसर्प आला आणि काही आठवड्यांत जॉन्सनची चार मुलं गेली. वाटसरूंना आसरा देणारं आसपास दुसरं घर नव्हतं, म्हणून तो आजार त्यांच्याच घरात शिरला. तिथल्या छोट्या दफनभूमीत त्या चौघांसाठी मिळून एकच दगड आहे. त्याच्यापुढे मी बराच वेळ उभी होते. परत येताना गाडीपाशी पाटी दिसली, त्यावर ली हे नाव होतं.