आयर्लंडमध्ये मैत्रिणीसोबत एक आठवडा, हात राखून: मार्ग आणि मुक्काम यांबाबत सल्ला हवा आहे

पाऊलवाट:

नमस्कार. सप्टेंबरच्या मध्यावर मी आणि माझी मैत्रीण आयर्लंडला जाण्याचे ठरवत आहोत. दोघीही पुण्यात नोकरी करतो, सुट्टी मोजकी आहे, आणि विमानाचे तिकीट काढल्यावर हातात जे उरेल त्यात सात रात्री भागवायच्या आहेत. परदेशात गाडी चालवण्याची दोघींचीही तयारी नसल्यामुळे सगळी भिस्त बस आणि रेल्वेवर आहे. हॉस्टेलच्या सामायिक खोलीत राहायला आमची हरकत नाही.

नकाशा समोर ठेवून डब्लिन, बेलफास्ट, गॉलवे, मोहेरचे कडे, किलार्नी, कॉर्क, किल्केनी आणि पुन्हा डब्लिन असा आराखडा केला आहे. आयर्लंडच्या प्रजासत्ताकाचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या चौथाईपेक्षाही कमी आहे, तेव्हा हे जमावे असे वाटते. जाणकारांनी यात काय गाळावे, कोठे किती रात्री राहावे आणि माणशी साधारण किती खर्च धरावा हे सांगितले तर उपकार होतील. मैत्रीण शाकाहारी आहे, मात्र तिला अंडे चालते.

पश्चिमवारा:

मी काही वर्षे गॉलवेत राहिलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुमचा आराखडा नकाशावर बसतो, पण वेळापत्रकात बसत नाही. अंतरे लहान असली तरी तेथील बहुतेक मोठे रस्ते आणि लोहमार्ग डब्लिनमधून बाहेर पडतात, आणि देशाच्या एका कडेवरून दुसरीकडे आडवे जायचे म्हटले की वेग एकदम मंदावतो. डब्लिनहून गॉलवे बसने अडीच तासांवर आहे, पण गॉलवेहून लिमरिकमार्गे कॉर्कला जायला चार तासांहून अधिक लागतात. त्यात बहुतेक हॉस्टेलांमध्ये सकाळी दहा-अकराला खोली सोडावी लागते आणि पुढच्या गावी ती दुपारी तीनच्या सुमारास मिळते. रोज मुक्काम हलवलात तर मधला सगळा उजेड सामान सांभाळण्यात जाईल. म्हणून तीनच गावे धरावीत असे माझे स्पष्ट मत आहे: गॉलवेत तीन रात्री, कॉर्कमध्ये दोन आणि शेवटी डब्लिनमध्ये दोन. बाकी सारे या गावांतून सकाळी निघून रात्री परत येण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे विमानातून उतरल्यावर डब्लिन शहरात जाऊच नका. डब्लिन विमानतळाला रेल्वे नाही, पण गॉलवेला जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या बस विमानतळावरूनच सुटतात आणि तीन तासांच्या आत पोहोचवतात. डब्लिनमधील राहणे हा या सहलीतला सर्वांत महागडा भाग असतो, आणि शुक्रवार-शनिवारी तर साध्या बंक खाटेचाही दर ऐकून माणूस दचकतो. शक्य असेल तर मंगळवारी उतरा. मंगळवार ते गुरुवार गॉलवे, शुक्रवार-शनिवार कॉर्क, आणि रविवार-सोमवार डब्लिन असे केले, तर तिन्ही ठिकाणी दर त्यातल्या त्यात सौम्य मिळतील. गॉलवेतील सेंट निकोलस चर्चशेजारचा शनिवारचा बाजार मात्र यात हुकेल, याचे मला तुमच्यापेक्षा जास्त वाईट वाटते.

गॉलवेतून दोन पूर्ण दिवसांचे दोन प्रवास करावेत. एक मोहेरच्या कड्यांचा. त्यासाठी तीनशे पन्नास क्रमांकाची सरकारी बस आहे. जाताना उजवीकडची खिडकी धरा, कारण प्रथम गॉलवेचा उपसागर आणि नंतर अटलांटिक त्याच बाजूला राहतो, तर डावीकडे बरेन या भागातील करड्या चुनखडीचे उघडे डोंगर दिसत राहतात. कडे सुमारे आठ किलोमीटर लांब पसरले असून त्यांची सर्वाधिक उंची २१४ मीटर आहे. प्रवेशाचे तिकीट ऑनलाइन आणि सकाळी लवकरच्या किंवा संध्याकाळच्या वेळेचे काढले तर स्वस्त पडते. कड्याच्या धारेने जाणाऱ्या पायवाटेचे काही भाग सुरक्षिततेसाठी बंद ठेवलेले असतात. तेथे कुंपण ओलांडणारे लोक दिसतील, त्यांचे अनुकरण करू नका. परतीची शेवटची बस केव्हा आहे हे उतरल्या उतरल्याच पाहून ठेवा.

दुसरा प्रवास इनिश मोर या बेटाचा. गॉलवेहून रोसाव्हील बंदरापर्यंत बोटवाल्यांचीच जोडबस असते आणि पुढे सुमारे पाऊण तासाची बोट. बोटीचे जाण्यायेण्याचे तिकीट तीस युरोंच्या घरात जाते, तरीही पैसे वाचवायचे म्हणून हे गाळू नये. धक्क्यावर उतरताच भाड्याच्या सायकली मिळतात. चुना-माती न लावता नुसते दगडावर दगड रचून घातलेल्या कमरेएवढ्या गडग्यांमधून रस्ता जातो, आणि एकेक वावर इतके लहान असते की त्यात दोन गायी वळल्या तरी तिसरीला जागा उरत नाही. बेटाच्या पलीकडच्या अंगाला डून अँगस हा प्रागैतिहासिक दगडी कोट आहे. त्याच्या बाहेर शत्रूला अडवण्यासाठी टोकदार दगड दाटीने उभे रोवले आहेत, आणि समुद्राच्या बाजूला तर भिंतच नाही, थेट शंभर मीटरच्या आसपासचा तुटलेला कडा आहे. तेथे कठडा नसल्यामुळे लोक पोटावर झोपून खाली डोकावतात. वारा सुटला असेल तर तेवढेही करू नये.

कागदपत्रे_जपून:

बेलफास्टविषयी कुणी लिहिले नाही म्हणून लिहितो. बेलफास्ट हे उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंग्डममध्ये येते. सीमेवर चौकी दिसत नाही आणि बस सरळ निघून जाते, पण म्हणून आयर्लंडचा साधा व्हिसा तेथे चालतो असे नाही. भारतातून अर्ज करणाऱ्या भारतीय नागरिकांच्या अल्पमुदतीच्या आयरिश व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) अशी नोंद मिळू शकते. ती असेल आणि आधी आयर्लंडमध्ये प्रवेश केला असेल, तर त्याच व्हिसावर ब्रिटनच्या हद्दीत जाता येते. ती नोंद नसेल तर बेलफास्ट विसरावे. तसेही सात रात्रींच्या सहलीत तो फाटाच आहे.

आयर्लंड शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही, त्यामुळे शेंगेन व्हिसा येथे उपयोगाचा नाही. अर्जासाठी दोन महिन्यांहून अधिक अवधी हाताशी ठेवा, आणि हॉस्टेलचे आरक्षण रद्द करता येईल असेच करा. भारतातून डब्लिनला थेट विमान नाही. दुबई, अबू धाबी किंवा दोहामार्गे जाणारे तिकीट एकाच आरक्षणावर मिळते आणि सोयीचे पडते. लंडनमार्गे स्वस्त तिकीट दिसले, तर तेथे सामान घेऊन पुन्हा जमा करावे लागते का किंवा विमानतळ बदलावा लागतो का हे तपासा, कारण तसे असल्यास ब्रिटनच्या व्हिसाचा प्रश्न उभा राहतो.

लीनदी:

गॉलवेकरांना गॉलवेच्या पुढे काही दिसत नाही, तेव्हा कॉर्कची बाजू मांडणे माझ्याकडे आले. पश्चिमवारा यांची तीन गावांची मांडणी मला मान्य आहे. मात्र कॉर्कच्या दोन रात्रींत नेमके काय करावे हे त्यांनी सोयीस्करपणे सोडून दिले आहे.

शुक्रवारी दुपारी पोहोचाल, तेव्हा सामान टाकून सरळ इंग्लिश मार्केट गाठा. १७८८ पासूनचा हा छपराखालचा बाजार रविवारी बंद असतो आणि संध्याकाळी लवकर आवरतो. मासळीचे गाळे पाहण्यासारखे आहेतच, पण तुमच्या मैत्रिणीसाठी ऑलिव्ह, चीज आणि ताज्या पावाचे गाळेही आहेत. सप्टेंबरमधील एका शुक्रवारी, बहुधा तिसऱ्या, देशभर ‘कल्चर नाइट’ असते आणि त्या संध्याकाळी संग्रहालये, जुन्या इमारती, कलादालने यांत विनामूल्य कार्यक्रम होतात. तुमच्या तारखा तिच्याशी जुळतात का ते पाहा.

शनिवारी किलार्नी. कॉर्कहून रेल्वेने, बहुतेक वेळा मॅलोला गाडी बदलून, दीड तासाच्या आसपास लागतो. तिकीट आधीच ऑनलाइन काढावे. किलार्नीच्या राष्ट्रीय उद्यानात जायला पैसे पडत नाहीत. मक्रॉस इस्टेट ही मिळकत १९३२ मध्ये राष्ट्राला भेट मिळाली, त्यातून हे देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान उभे राहिले. गावात सायकल भाड्याने घ्या, तळ्याकाठच्या रस्त्याने मक्रॉस हाऊस आणि पुढे टॉर्क धबधब्यापर्यंत जा. वाटेत तांबड्या हरणांचे कळप दिसण्याची चांगली शक्यता असते. घोडागाडीवाले आग्रह करतील, त्यांना हसून नकार द्यावा. ‘रिंग ऑफ केरी’ हा १७९ किलोमीटरचा वळसा तुमच्यासाठी नाही. त्यातला निम्मा दिवस पर्यटकांच्या बसची काच पुसण्यात जातो. ब्लार्नीचा किल्लाही खुशाल गाळा, तिकीट महाग आहे आणि वाक्चातुर्य देतो असे मानल्या जाणाऱ्या तेथील दगडाचे चुंबन घेण्यासाठी रांग लांबलचक असते.

रविवारी सकाळी डब्लिनला निघण्यापूर्वी तीन-चार तास काढता आले तर लोकलने कोव्हला जाऊन या, अंतर पंचवीस मिनिटांचे आहे. टायटॅनिक ११ एप्रिल १९१२ रोजी याच बंदराबाहेर शेवटची थांबली होती. भारतीय माणसाला या किनाऱ्याची दुसरीही आठवण असते. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान बॉम्बस्फोटाने याच समुद्रावर कोसळले आणि ३२९ जण गेले. त्यांचे स्मारक पश्चिम कॉर्कमधील अहाकिस्टा या खेड्यात आहे, पण तेथे बसने जाऊन त्याच दिवशी परतणे इतके अवघड आहे की गाडी नसताना ते आखू नये.

पाऊलवाट:

सर्वांचे मनापासून आभार. बेलफास्ट आणि किल्केनी काढून टाकले आहे, आणि मंगळवारचे विमान शोधत आहोत. आता खाण्याविषयी आणि डब्लिनच्या सव्वा दिवसाविषयी सांगाल का? छत्री आणावी की रेनकोट, यावर आमच्यात वाद चालू आहे.

पश्चिमवारा:

रेनकोट. अटलांटिकच्या वाऱ्यात छत्री पहिल्याच दिवशी उलटी होते.

डाळभात_डब्लिन:

स्वयंपाकघर असलेले हॉस्टेल निवडलेत तर खाण्याचा खर्च निम्म्याने कमी होतो. लिडल, आल्डी, टेस्को आणि डन्स ही दुकाने सर्व मोठ्या गावांत आहेत, आणि संध्याकाळी मुदत संपत आलेल्या पदार्थांवर सवलतीची चिठ्ठी लागते. पबमध्ये दुपारी मिळणारे भाज्यांचे सूप आणि त्यासोबतचा तपकिरी सोडा ब्रेड हे शाकाहारी माणसाचे स्वस्त आणि पोटभरीचे जेवण आहे, फक्त सुपात कोंबडीचा अर्क नाही ना हे विचारून घ्यावे. नळाचे पाणी प्यायला चांगले आहे, बाटली भरून घेत चला. १ फेब्रुवारी २०२४ पासून पेयांच्या प्लास्टिकच्या बाटल्यांवर आणि धातूच्या डब्यांवर १५ किंवा २५ सेंट अनामत आकारली जाते. रिकामी बाटली न चेपता सुपरमार्केटमधील यंत्रात टाकली की पावती मिळते, आणि ती तेथेच वटवता येते.

डब्लिनमध्ये प्रवासभाड्याचे लीप कार्ड घ्या. दोन युरोंत नव्वद मिनिटे बस, ट्राम आणि शहरातील लोकल बदलून फिरता येते. रविवारी संध्याकाळी पोहोचून सोमवार मोकळा मिळत असेल, तर क्रम असा ठेवा. सकाळी राष्ट्रीय कलादालनात कॅराव्हाज्जोचे ‘ख्रिस्ताची अटक’ पाहा. दुपारी एक वाजता किल्डेअर स्ट्रीटवरील पुरातत्त्व संग्रहालय उघडते, सोमवारी ते सकाळी बंद असते. तेथे दलदलीत हजारो वर्षे टिकून राहिलेले मानवी देह आहेत, आणि एकाच्या हाताची नखे व बोटांवरच्या रेषा इतक्या शाबूत आहेत की काचेपुढून लवकर हलवत नाही. शेजारीच संसदेचे लेन्स्टर हाऊस आहे. मालवण तालुक्यातील वराड हे ज्यांचे मूळ गाव, ते लिओ वराडकर २०१७ मध्ये येथूनच देशाचे पंतप्रधान निवडले गेले. त्यानंतर डब्लिन किल्ल्याच्या आवारातील चेस्टर बीटी संग्रहालयात मोगल चित्रे आणि हस्तलिखिते पाहा. या तिन्ही ठिकाणी प्रवेश विनामूल्य आहे. किलमेनम तुरुंगाला मात्र तिकीट लागते. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या उठावाचे नेते तेथे गोळ्या घालून मारले गेले. विक्री २८ दिवस आधी खुली होते आणि तिकिटे झपाट्याने संपतात, म्हणून तारीख नोंदवून ठेवा.

खर्चाचा अंदाज विचारला होता. सात रात्रींना माणशी तीनशे युरो, सगळ्या बस, रेल्वे व बोटी मिळून दीडशे, खाण्याला दीडशे आणि तिकिटे-सायकलींना साठ-सत्तर असे धरले, तर साडेसहाशेच्या पुढे-मागे भागावे. डब्लिनमध्ये त्या दोन रात्री एखादा मोठा संगीतकार्यक्रम असेल तर हॉस्टेलचा आकडा पार बदलतो, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी क्रोक पार्क आणि अविवा या दोन्ही मैदानांचे कार्यक्रम पाहून घ्या.